इतिहासाचार्य राजवाडे : दप्तरे आणि वर्गणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची आहे, तुम्हीही काही लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कळण्याच्या भाकरीबद्दल किंवा भरिताबद्दल लिहायचे तर ते आपल्यापैकी प्रत्येकीला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. पण घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवलेल्या एका टोपलीकडे नजर गेली आणि लिहायचे ते सुचले. म्हणून हा लेख. चूकभूल द्यावी घ्यावी.

ही टोपली कागदाच्या लगद्याची आहे. आजेसासूबाईंनी ती केली. जुने कागद भिजत घालायचे, मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या, लगदा चांगला कुटायचा, पालथ्या भांड्यावर थापून उन्हात वाळवायचा. अशा टोपल्या पूर्वी घरोघर होत. मजबूत इतकी की आमची अजून सुकी मिरची सांभाळते आहे. पण ही टोपली ज्या कागदांची झाली ते कागद म्हणजे माळ्यावर लाल रुमालात बांधून ठेवलेले मोडी दप्तर होते. कुणाला वाचता येत नव्हते, झुरळे होत होती, म्हणून एका उन्हाळ्यात ते भिजत पडले. त्यातला एकच कागद ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला होता म्हणून वाचला. पुढे मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गुरुजींना मामंजींनी तो दाखविला. त्यात एका लग्नातल्या आहेराची यादी निघाली, आणि त्या यादीत आमच्या घरातल्या एका पणजीचे माहेरचे नाव व तिच्या आईचे नाव निघाले. तोपर्यंत त्या दोघींची नावे घरात कुणालाच ठाऊक नव्हती. एका कागदात दोन बायका सापडल्या. बाकीच्या टोपलीत किती जणी गेल्या असतील, हा विचार मिरच्या काढताना माझ्या मनात अजून येतो.

ज्यांनी असले कागद वाचविण्यासाठी आपला सारा जन्म वेचला, आणि ज्यांचा देह आपल्या धुळ्यातच पडला, ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आपल्या शहरात आहे हे सर्वांना माहीत आहे. पण ते गृहस्थ कोण, कसे राहत, त्यांनी काय केले, हे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजणी गप्प बसतील. मीही परवापरवापर्यंत गप्पच बसले असते.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा, कोकणातल्या वरसई गावचा. हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यात येते. वडील लहानपणीच गेले. थोरले बंधू वैजनाथ हेही पुढे संस्कृतचे मोठे पंडित म्हणून नावारूपाला आले. विश्वनाथांचे शिक्षण पुण्यात झाले, मध्ये काही काळ मुंबईस. शेवटी डेक्कन कॉलेजातून ते १८९० च्या सुमारास बी. ए. झाले. परीक्षेपुरते वाचणे त्यांना कधीच मानवले नाही. वर्गात कमी आणि ग्रंथालयात जास्त, असा त्यांचा खाक्या होता. शाळा-कॉलेजात आपणांस काय मिळाले आणि काय मिळाले नाही याविषयी त्यांनी पुढे एक लांबलचक लेख लिहिला, त्यात गुरुजनांचीही भीड ठेवली नाही.

लग्न झाले होते, पण पत्नी लवकर वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. काही वर्षे पुण्यात शिक्षकाची नोकरी केली आणि ती सोडली. त्या काळी बी. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी हात जोडून उभी असे. घरदार, गाडी, नोकरचाकर सारे होऊ शकले असते. त्यांनी त्यातले काहीच घेतले नाही. हाताने स्वयंपाक करायचा, जाडेभरडे नेसायचे, आणि मिळेल तेथे पथारी टाकायची, असे त्यांचे पुढचे आयुष्य गेले. आपण बायका रोज तीन वेळा चूल पेटवितो त्याचे कुणी कौतुक करीत नाही, आणि पुरुषाने स्वतःची भाकरी थापली की ते चरित्रात लिहितात, हे खरे आहे! पण राजवाड्यांच्या बाबतीत त्या भाकरीला अर्थ होता. गरजा कमी ठेवल्या म्हणून कुणापुढे मिंधे व्हावे लागले नाही.

आणखी एक नेम त्यांनी केला होता. इंग्रजी उत्तम येत असूनही आपण लिहायचे ते मराठीतच. इंग्रजीत लिहिले असते तर सरकारदरबारी आणि परदेशी मान मिळाला असता. पण ज्यांचा इतिहास त्यांनाच तो वाचता आला नाही तर उपयोग काय, असा त्यांचा विचार होता. परभाषेतले चांगले ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी भाषांतर नावाचे मासिक काढले, आणि ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याच्या ग्रंथाचे भाषांतर स्वतः केले. मासिक थोड्याच वर्षांत बंद पडले. वर्गणीदार पुरेसे नसले की मासिक चालत नाही, हा अनुभव त्यांना तेथेच आला असावा.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येते.

त्या वेळी मराठ्यांचा इतिहास म्हणून जो शिकविला जाई तो बहुतेक ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेल्या, १८२६ साली निघालेल्या ग्रंथावरून. आपल्या लोकांकडे होत्या त्या बखरी. बखर म्हणजे काय, तर घडून गेलेल्या गोष्टी नंतर कुणीतरी आठवून, ऐकून, रंगवून लिहिलेल्या. आपल्या घरातली एखादी आत्याबाई चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातली भांडणे सांगते, त्यातले किती खरे आणि किती आत्याबाईंचे, हे जसे निवडावे लागते तसेच बखरीचे. पण त्या लग्नातली किराणा मालाची यादी सापडली तर? तिच्यात गूळ किती आणला, भाव काय होता, कोणत्या दिवशी आणला, हे लिहिलेले असते. त्या यादीला कुणाची बाजू घ्यायची नसते. राजवाड्यांचे म्हणणे हेच होते की बखरीपेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेली पत्रे, हिशेब, सनदा, महजर यांवर भिस्त ठेवावी.

हे कागद होते कुठे? सरकारच्या दप्तरखान्यात होते, पण तेथे आपल्या माणसांना सहज प्रवेश नव्हता. उरलेले सारे होते लोकांच्या घरी. सरदारांचे वाडे, कुळकर्ण्यांच्या ओसऱ्या, देशमुख-देशपांड्यांचे माळे, मठ, देवळे, सावकारांच्या पेढ्या. कुठे वाळवी लागलेली, कुठे पावसात भिजलेली, कुठे वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेलेली, आणि कुठे आमच्या घरच्यासारखी मेथ्यांबरोबर वाटलेली. त्यांच्या आधी काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी १८७८ साली काव्येतिहाससंग्रह हे मासिक काढून जुने कागद छापण्याची वाट पाडली होती. पण ते मासिकही पुढे बंद पडले. राजवाड्यांनी ठरविले की आपण गावोगाव हिंडून कागद गोळा करायचे.

ते पायी हिंडले, मिळेल त्या वाहनाने हिंडले. गावात जायचे, जुने घराणे कोणते ते विचारायचे आणि दप्तर पाहू द्या म्हणून विनवायचे. कागद दाखविला तर वतनावर गदा येईल, भाऊबंद कज्जा करतील, किंवा घरातले गुप्त धन उघडे पडेल, अशी लोकांना भीती वाटे. कित्येकांनी दारातून परत पाठविले. अशा वेळी हा तापट माणूस, जो विद्वानांच्या सभेत कुणाचे ऐकून घेत नसे, तो कागदांसाठी उंबऱ्याउंबऱ्यावर उभा राही. हे मला त्यांच्या साऱ्या ग्रंथांपेक्षा मोठे वाटते.

१८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतच्या लढाईच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली, म्हणजे १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती. पानिपत म्हणजे आपल्याकडे म्हणीत जाऊन बसलेली गोष्ट. पण ती मोहीम दिवसादिवसाला कशी चालली, रसद कुठे अडली, पैसा कसा संपत गेला, हे त्या पत्रांतून प्रथमच लोकांच्या हाती आले. पुढच्या वीसेक वर्षांत या मालेचे एकंदर २२ खंड निघाले. शिवाय ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी त्यांनी १९०९ साली छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचा राधामाधवविलासचंपू १९२२ साली आणि महिकावतीची बखर १९२४ साली, दोन्ही मोठ्या प्रस्तावना लिहून त्यांनी प्रसिद्ध केली.

इथे आपण संसारी बायका एक प्रश्न विचारणारच. या सगळ्याला पैसा कुठून आला?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि चरित्रांतून तो बहुधा चार ओळींत उरकलेला असतो. कागद गोळा करायला भाडेतोडे लागते. नकला करायला माणूस लागतो, शाई-कागद लागतो. छापायला तर रोख रक्कम लागते, आणि मोडी पत्रांचे पुस्तक काही हातोहात खपत नाही. राजवाड्यांचे २२ खंड एका छापखान्यात, एकाच धनिकाच्या पैशाने निघालेले नाहीत. वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या लोकांनी ते काढले. कोल्हापूरचे प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांनी आपल्या ग्रंथमाला मासिकातून काही खंड छापले. आपल्या धुळ्याची सत्कार्योत्तेजक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. म्हणजे ज्याला जेवढे झेपले तेवढे त्याने उचलले. एखाद्या घरच्या लग्नात शेजारणी पाट, परात, कळशी आणून देतात आणि मांडव उभा राहतो, तसा हा इतिहास उभा राहिला आहे.

सत्कार्योत्तेजक सभेचे नाव आले म्हणून थोडे सांगते. ही सभा श्री. शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांना सारे नानासाहेब देव म्हणत, यांनी १८९३ साली धुळ्यात काढली. सभेच्या नावातच तिचे काम आहे. चांगल्या कामाला उत्तेजन द्यायचे. नानासाहेबांनी समर्थ रामदासांचे व त्यांच्या शिष्यांचे वाङ्मय मठामठांतून गोळा केले, दासबोध जुन्या प्रतीवरून छापला, आणि पुढे १९३५ साली धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. समर्थांच्या हातचे लिहिलेले वाल्मीकिरामायण तेथे आहे. देवळात मूर्ती असते, येथे पोथ्या आहेत, म्हणून ते वाग्देवतेचे मंदिर.

विद्येला मदत करण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. पेशवाईत पुण्यास शास्त्रीपंडितांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी आल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशांतून पुढे मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यात येऊ लागली. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी ग्रंथमालेसाठी दोन लाख रुपये बाजूला काढले. आपल्या शेजारी अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढून विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्याची चिंता न करता अभ्यास करता यावा अशी सोय केली. साने गुरुजी तरुणपणी प्रथम अमळनेरला आले ते याच मंदिरात. ही झाली राजांची आणि शेठजींची मदत. पण राजवाड्यांना जी मिळाली ती बहुतेक वकील, मास्तर, कारकून अशा बेताच्या मिळकतीच्या माणसांची. तिच्यात एक गुण असतो. मोठा दाता एक रुसला की काम बुडते. पन्नास लहान दात्यांपैकी पाच रुसले तरी पंचेचाळीस उरतात.

हे काम एका माणसाच्या आयुष्यापुरते राहू नये म्हणून राजवाड्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. हे मंडळ सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर वाढले. सभासदांनी आपापल्या गावचे कागद आणायचे, सभेत वाचायचे, त्यावर वादविवाद करायचा, आणि मग छापायचे, अशी रीत पडली. पदवी नसलेला माणूसही एखादे जुने पत्र घेऊन आला तर त्याला तेथे बोलता येई. इतिहास हा फक्त कॉलेजातल्या लोकांचा नाही, ज्याच्या माळ्यावर कागद आहे त्याचाही आहे, हे त्यातून दिसले.

आता त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. देव्हाऱ्यात बसविलेला माणूस कुणाच्या उपयोगी पडत नाही. राजवाडे विलक्षण तापट होते. मतभेद झाला की ते संबंध तोडीत. जे मंडळ त्यांनी स्थापन केले त्याच्याशीही त्यांचे पुढे बिनसले आणि ते तेथून दूर झाले. आपल्या जातीचा अभिमान त्यांच्या लेखणीत पुष्कळदा उतरला. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले त्याने तो समाज दुखावला आणि त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली कोदंडाचा टणत्कार हे पुस्तक लिहून खणखणीत उत्तर दिले. ते उत्तर देणे योग्यच होते. शब्दांच्या मूळ रूपांविषयी राजवाड्यांनी बांधलेले पुष्कळ तर्क पुढच्या पंडितांना पटले नाहीत. छापलेल्या ज्ञानेश्वरीच्या पोथीविषयी त्यांनी केलेले सगळे दावेही टिकले नाहीत.

पण त्यांच्यात एक धारिष्ट होते. विवाहसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी लिहिले तेव्हा आपल्या प्राचीन समाजात स्त्रीपुरुषसंबंध आजच्यासारखे नव्हते, लग्नाच्या चालीरीती हळूहळू घडत आल्या, असे जुन्या ग्रंथांचे आधार देऊन मांडले. सनातनी वाचक खवळले. सनातनी मंडळी त्यांना आपले मानीत होती, तरी पुराव्यात जे दिसले ते त्यांनी लपविले नाही. आपण स्त्रियांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जी रीत पहिल्यापासून अशीच आहे असे आपल्याला सांगण्यात येते, ती पहिल्यापासून तशी नसते, हे सांगणारा हा माणूस होता.

शेवटची वर्षे ते धुळ्याला होते. बरोबर कागदांची गाठोडी होती आणि हातात मराठी धातूंच्या कोशाचे काम होते. मराठी क्रियापदे कुठून आली, करणे, कांडणे, निवडणे, पाखडणे या शब्दांची मुळे कोणती, याचा हा शोध. आपण ज्या शब्दांनी दिवसभर घरातली कामे करतो त्या शब्दांमागे हा वृद्ध माणूस रात्रंदिवस लागला होता. ते काम छापून झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच ते निवर्तले. मागे घर नाही, शेत नाही, मूलबाळ नाही. होते ते कागद.

आता खरी गोष्ट येथून पुढे आहे, आणि ती धुळेकरांची आहे.

असा माणूस गेला की काय होते ते आपण पाहतो. शोकसभा होते, हार घालतात, आणि कागद कुणाच्या तरी खोलीत पडून राहतात. नंतर ती खोली रिकामी करायची वेळ येते. राजवाड्यांच्या कागदांचे तसे झाले नाही. ते गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. वकिली करणारे आणि इतिहासाचा व्यासंग असलेले भास्कर वामन भट यांच्यासारखी माणसे त्यात पुढे होती. त्यांनी कागद सांभाळले, लावले, त्यांच्या याद्या केल्या. धातुकोश आणि नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्याकडून संपादित करवून मंडळाने छापले. संशोधक नावाचे त्रैमासिक काढले. खानदेशात सापडलेल्या जुन्या मूर्ती, नाणी, पोथ्या यांचा संग्रह केला. आणि पुढे, राजवाडे जाऊन जवळजवळ सत्तर वर्षे झाल्यावर, १९९० नंतरच्या दशकात, मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली त्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत मंडळाने प्रसिद्ध केले. सत्तर वर्षे एखाद्या माणसाचे काम दुसऱ्यांनी सांभाळायचे, हे सोपे नाही. त्या सत्तर वर्षांत कितीतरी चिटणीस आणि खजिनदार झाले असतील. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

राजवाड्यांना संस्था चालविणे जमले नाही, हे स्पष्टच आहे. संस्था चालविणारी माणसे वेगळी असतात. ती वर्गणीची पावती फाडतात, जमाखर्चाची वही ठेवतात, वार्षिक सभा बोलावतात, कपाटाला कुलूप लावतात. राजवाड्यांनी शोधले आणि या माणसांनी राखले. दोहोंपैकी एक नसते तर दुसऱ्याचा काही उपयोग झाला नसता.

आपल्यासारख्या मंडळांना हे कळते, कारण आपण तेच करतो. आपली नोंदणी झालेली आहे, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ते द्यावे लागतात. त्याचा कंटाळा येतो खरा. पण कुठलेही लहानसे अनुदान मागायचे झाले, मग ते सरकारचे असो की एखाद्या विश्वस्त निधीचे, की पहिल्याने तेच पाहतात. नोंदणी आहे का, मागील हिशेब आहेत का, काय करणार ते एका कागदावर नीट लिहिता येते का, आणि दिलेला पैसा त्याच कामी लागला हे शेवटी दाखविता येईल का. रक्कम लहान असली तरी हे चुकत नाही. आणि बहुतेक देणारे असेही विचारतात की तुमच्या मंडळाने स्वतः काय घातले. ज्याने आपल्या खिशातून काही घातलेले नाही त्याला दुसऱ्याने का द्यावे?

म्हणून आता एक गोष्ट कबूल करून हा लेख संपविते.

आपल्या गल्लीत एक आजी होत्या. त्यांचे नाव लिहीत नाही, तुम्हांला ठाऊक आहे. आखाजीची, कानबाईची, गुलाबाईची गाणी त्यांना येत होती तितकी कुणालाच येत नव्हती. माझे माहेर जळगावकडचे. तिकडची गुलाबाईची गाणीही त्या मला चालीसकट म्हणून दाखवीत. अहिराणीतले असे शब्द त्यांच्या गाण्यांत होते की जे आपल्या मुलींना आज समजतही नाहीत. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या सभेत एकीने सुचविले होते की दिवाळीच्या फराळविक्रीतून जी शिल्लक राहिली आहे त्यातले थोडे पैसे घालून ही गाणी लिहून घ्यावी, ध्वनिमुद्रित करावी, आणि मग पुढच्या खर्चासाठी कुठे अनुदान मिळते का पाहावे. तेव्हा खुर्च्यांचा प्रश्न निघाला. हळदीकुंकवाला खुर्च्या भाड्याने आणाव्या लागतात, त्या विकत घेऊ, असे ठरले. खुर्च्यांच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होते. खुर्च्या चांगल्या आहेत, रोज उपयोगी पडतात. आजी त्या पौषात गेल्या.

आमच्या टोपलीबद्दल मी आजेसासूबाईंना दोष देत नाही. त्यांना मोडी येत नव्हती, कागदांत काय आहे हे कुणी सांगितले नव्हते. मला मात्र त्या गाण्यांत काय आहे हे ठाऊक होते आणि तरी मी खुर्च्या निवडल्या. राजवाडे असते तर त्यांनी मला दारातच सुनावले असते, आणि ते मी ऐकून घेतले असते.

आपल्या गल्लीत अजून तीन-चार म्हाताऱ्या आहेत. त्यांच्यापैकी एकीला कानबाईच्या रोटांच्या वेळची गाणी येतात, एकीला जात्यावरच्या ओव्या. लिहायला वही लागते, मुलींच्या मोबाइलमध्ये आवाज साठविता येतो, छापायला पुढे पैसे लागतील तेव्हा पाहू. या वर्षीच्या शिल्लकेतून एक लहान रक्कम या कामासाठी वेगळी काढावी आणि तिचे वेगळे पान वहीत घालावे, अशी सूचना मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. ज्या भगिनींच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील त्यांनी ते भिजत घालण्यापूर्वी राजवाडे मंडळात एकदा दाखवावेत, अशीही विनंती आहे.

सूचनेला अनुमोदन लागते. ते कोणी द्यावे, हे ठरवून यावे.